पट्टी चांगली, झोप नाही

मला हृदयाचं काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी चौथी पास. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात शिपाई म्हणून लागलो आणि तिथूनच म्हातारा होऊन बाहेर पडलो. मधली बरीच वर्षं मी लोकांच्या छातीला वायरी लावायचं काम केलं. शिकलेले लोक त्याला कार्डिओग्राम म्हणतात, आमच्याकडे 'पट्टी काढणं' म्हणतात. दिवाळी अंक काढणारे मास्तर घरी आले आणि म्हणाले, "मेश्रामभाऊ, नोकरीतलं काही लिहून द्या." मी म्हटलं, "बाप्पा, मी आजवर सही सोडून काही लिहिलं नाई." ते म्हणाले, "बोलता तसं लिहा." म्हणून लिहायला बसलो. वेळ भरपूर आहे. माझी बायको पंचफुला गेल्यापासून घरात वेळच वेळ आहे.

ती गेल्यापासून मला झोप येत नाही आणि छाती धडधडते. ही धडधड हृदयाची का मनाची, हा प्रश्न मी दवाखान्यात रोज ऐकला. मग तो पंचफुलानं विचारला. आता मीच विचारतो आहे. तेव्हा लिहायचं तर यावरच लिहावं म्हटलं.

दवाखान्यात मशीन आली नव्वदनंतर. आमचे मोठे डॉक्टर शेख म्हणून होते. चंद्रपूरचे, घरचा बांगड्यांचा धंदा, घरात हे एकटेच एवढे शिकले. त्यांनी मला पाशी उभं करून काम शिकवलं. काम असं : माणसाला खाटेवर उताणं निजवायचं. मनगटांना आणि घोट्यांना चिमटे लावायचे. छातीवर थंड मलम लावून रबराचे गोळे चिकटवायचे. सांगायचं, हलू नका, बोलू नका, मुठी सैल सोडा. बटन दाबलं की कागदाची पट्टी सर्र करून निघते, तिच्यावर डोंगर आणि खड्डे. ते डोंगर-खड्डे डॉक्टर वाचायचे, मी पट्टी फाडून द्यायचो. बायकांना वायरी सिस्टर लावायच्या, मी पडद्याबाहेर मशीनपाशी उभा. माणूस भ्यालेला असला की अंग थरथरते आणि पट्टीला जणू केस फुटतात. तेवढं मला ओळखता येई. त्यापुढचं नाही.

पहिली भानगड अशी झाली की लोकांना वाटलं हा इलाज आहे. वायरी लावल्या म्हणजे करंट दिला, करंट दिला म्हणजे दुखणं गेलं. बाजाराच्या दिवशी जंगलाकडच्या गावांतून बायका यायच्या आणि बाजार करायच्या आधी दवाखान्याच्या रांगेत बसायच्या. त्यातली एक जानकाबाई. छाती धडधडते म्हणून आली, पट्टी चांगली निघाली, गोळ्या घेऊन गेली. पुढच्या बाजाराला पुन्हा हजर.

"भाऊ, मागच्या बारीले करंट लावला नं, लय बरं वाटलं. आज पुन्हा लावून द्या."

"बाई, हा करंट नाई. ही मशीन काही देत नाई, नुसती पाहते."

"पाहते तं पाहू द्या नं. तुमच्या बापाचं का जाते?"

मी डॉक्टरांकडं गेलो. म्हटलं, साहेब, कागदाचा रोल फुकट जाते. ते हसले, म्हणाले, निजव तिला. सिस्टरनं वायरी लावल्या, पडदा ओढला. मी बटन दाबायच्या आत बाई घोरायला लागली. दवाखान्यात गोंगाट, बाहेर पोरं रडतात, कोणी ओकते, आणि ही गाढ. डॉक्टरांनी पडदा बाजूला करून पाहिलं. मला म्हणाले, "मेश्राम, उठवू नको. ती याच दवाईसाठी आली." नंतर विचारलं तर कळलं, घरी दारुडा जावई येऊन राहिलेला, अंगणात बिबट्या येऊन शेळी घेऊन गेलेला. रात्रभर बाई कुडाला कान लावून बसे. तिला दिवसाउजेडी पडदा ओढून कोणी तरी 'हलू नका' म्हणणं, एवढंच पाहिजे होतं.

दुसरा एक गडी पोंभुर्ण्याकडचा. धान कापणीला आला की तिकडे रानडुकरं येतात, म्हणून रात्री मचाणावर बसून जागल करावी लागते. डबा वाजवायचा, हाका मारायच्या. हा आला छाती धरून. माझ्या समोरच डॉक्टरांनी विचारलं.

"झोपता कधी?"

"डुकरं झोपली का मी झोपतो."

"अन् खर्रा?" खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटलेला. आमच्याकडे माणसाच्या एका खिशात तो असतोच.

"खर्रा तं पाहिजेच जी. झोप येऊ नाई म्हणून."

"अन् चहा?"

"तोही त्याच्यासाठीच. काळा, कडक."

"मंग धडधड कशानं होते?"

"तेच तं विचाराले आलो."

शेख डॉक्टर डोक्याला हात लावून बसले. पट्टी चांगली होती. त्यांनी त्याला सांगितलं, जागल भावाशी वाटून घे, अर्धी रात्र तू, अर्धी तो. खर्रा कमी कर. त्याला ते पटलं नाही, त्याला सुई पाहिजे होती. सुई मिळाली नाही म्हणून तो बाहेर जाऊन आमच्या दवाखान्याला शिव्या देत होता, ते मी कानानं ऐकलं.

पण हे सगळं ऐकून कोणी असं समजू नये की धडधड म्हणजे नेहमी मनाचाच खेळ. आमच्या बाजारात हनीफचाचा म्हणून टेलर होते. तयार कपडे आले तसं त्यांचं काम बसलं. त्यांची छाती धडधडायला लागली तेव्हा सगळा बाजार म्हणाला, चाचाला धंद्याची फिकीर आहे. चाचा स्वतःही तेच म्हणाले. डॉक्टरांनी मनगट धरलं आणि डॉक्टरांचंच तोंड बदललं. पट्टी काढली तर डोंगर सारख्या अंतरावर नव्हते, कुठे जवळ, कुठे दूर. चाचांना त्याच दिवशी नागपूरला पाठवलं. वाचले. पुढं पुष्कळ वर्षं माझी पँट त्यांनीच शिवली. तेव्हापासून मी डॉक्टरांचा नियम पाहिला. पट्टी आणि रक्त तपासल्याशिवाय ते कोणाला 'तुम्हाला चिंता आहे' असं म्हणत नसत. चक्कर येऊन पडला, दम लागला, छातीत दुखलं, तर मुळीच नाही.

आता पंचफुलाचं.

आम्हाला एकच पोरगा, प्रमोद. पोलीस भरतीत धावला, लागला. गावभर पेढे वाटले. मग त्याची बदली गडचिरोलीच्या आतल्या जंगलात एका पोस्टवर झाली. तो काळ कसा होता हे आमच्याकडच्या लोकांना सांगायची गरज नाही. बाहेरच्यांनी एवढंच समजावं की तिकडे रस्त्यात काय पुरलेलं असेल याचा भरवसा नव्हता, आणि पोलीस एका गावाहून दुसऱ्या गावी पायी, जंगलातून जात. पोस्टवर फोन नव्हता. पावसाळ्यात नाले भरले की बातमीही यायची नाही.

पंचफुला शिकलेली नव्हती, पण मजबूत बाई. धानाच्या रोवणीत दिवसभर वाकून काम करायची आणि रात्री पडली की दगडासारखी झोपायची. ती झोप प्रमोदच्या बदलीसोबत गेली. दिवसा चालता चालता भिंत धरे. पाणी भरता भरता डोईवरचा भरला गुंड खाली ठेवून उभी राही. विचारलं तर म्हणे, "काही नाई. छातीत कबुतर शिरल्यासारखं होते." रेडिओवर बातम्या लागल्या की हातातलं काम सोडून दारात येई, आणि बातम्या संपल्या की कबुतर सुरू होई.

शेवटी मी तिला दवाखान्यात नेलं. सिस्टर वायरी लावायला आल्या तर ही म्हणते, "राहू द्या बाई. घरचा माणूस आहे नं, तोच लावून देईल." सिस्टर हसत बाहेर गेल्या. मी मलम लावलं, गोळे लावले. आमच्या एवढ्या वर्षांच्या संसारात दिवसाच्या उजेडात मी तिच्या छातीवर असा हात कधी ठेवला नव्हता. हात लाजला, खरं सांगतो. गोळ्याखाली तिचं काळीज उड्या मारत होतं, ते बोटांना लागलं.

"का जी, का म्हणते तुमची मशीन?"

"बोलू नको, पट्टी बिघडते."

"घरीही बोलू देत नाई, इथीही बोलू देत नाई."

पट्टी निघाली. काळीज जोरात पळत होतं, पण सरळ पळत होतं. डॉक्टरांनी रक्त पाहिलं, थोडं कमी होतं, त्याच्या गोळ्या दिल्या. एक नमुना नागपूरला पाठवला, तोही चांगला आला. मग त्यांनी तिला समोर बसवलं. तिला ते भाभी म्हणत.

"भाभी, वाघाचा वास आला का बैल गोठ्यात का करते?"

"उभा राहते."

"बसते काय?"

"कुठी बसते? रातभर उभाच."

"वाघ आला नाई तरी?"

"नाई आला तरी. त्याले का माहीत?"

"तुमचं अंग तसं उभं आहे. वाघ आला नाई, पण अंग बसत नाई. उभं राह्यलं का काळीज पळते. काळीज पळालं का तुमाले वाटते, आता काही तरी झालं. मंग झोप नाई. झोप नाई झाली का दुसऱ्या दिवशी जराशा आवाजानं काळीज पळते. असं गोल गोल चालू आहे. काळीज खराब नाई. थकलं आहे."

पंचफुला म्हणाली, "मंग वाघ मारा."

डॉक्टर म्हणाले, "तो माह्या हातात नाई, भाभी."

त्यांनी जे हातात होतं ते सांगितलं. दुपारनंतर चहा नको. दिवसा लोळायचं नाही. सकाळी एका वेळी उठायचं. धडधड झाली की श्वास हळूहळू सोडायचा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा. झोपेची गोळी थोडे दिवसच, सवय लागते. आणि निघता निघता म्हणाले, "पोराची काळजी तुमी रात्री करता. ती दिवसा करून घ्या. एक जागा ठरवा, एक वेळ ठरवा. तिथी बसा अन् पोटभर करा."

डॉक्टरांनी हे सहज म्हटलं असेल. माझ्या बायकोनं ते औषधासारखं धरलं. दुसऱ्या दिवसापासून दुपारची भांडी झाली की ती दवाखान्यात यायची आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसायची. मी म्हटलं, "इथी काऊन?" म्हणाली, "डॉक्टरनं जागा ठरवाले सांगतली नं. ही ठरवली." तिनं जागा डोकं लावून ठरवली होती. आतल्या पोस्टवरच्या पोरांना मलेरिया व्हायचा, पार अंगात ताप मुरलेला, आणि ते आमच्याच दवाखान्यात भरती व्हायचे. ती प्रत्येकाला विचारायची, कोणत्या पोस्टचा रे, आमचा प्रमोद मेश्राम पाहिला काय? पुढं पुढं ती डब्यात तांदळाची पेज घेऊन यायला लागली. तापातल्या तोंडाला दुसरं काही जात नाही. पोलीस पोरं तिला आई म्हणायला लागली. मशीनपाशी उभ्या उभ्या मला हे सगळं ऐकू यायचं आणि बरं वाटायचं.

त्यातला एक विलास. वरोऱ्याजवळच्या खेड्याचा, बापाविना वाढलेला, काळा, हसरा. प्रमोदच्याच पोस्टवरचा.

"आई, तुमच्या पेजेत मीठ नसते."

"मीठ आहे. तोंड तुह्यं कडू आहे."

"तुमचा प्रमोद तं म्हणे आईच्या हाताले लय चव आहे."

"तू त्याले ओळखतं? कसा आहे रे तो?"

"कसा आहे? त्याच्या घोरण्यानं आमाले झोप नाई. सगळ्या पोस्टले जागं ठेवते."

पंचफुलाचं तोंड मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. उजळलं होतं. "घोरते? म्हंजे झोपते नं तो?" मग माझ्याकडं वळून म्हणाली, "ऐकलं का जी? तो तिकडं घोरून राह्यला. मी काऊन जागी आहे मंग?" विलास म्हणाला, "आई, झोपा तुमी. त्याच्या वाटचंही मीच जागतो." त्या दिवसापासून तिची झोप सुधरायला लागली. पूर्ण नाही, पण सुधरली. विलास बरा होऊन गेला, जाताना डबा घासून देऊन गेला.

मग एक दिवस ती बातमी आली. दुपारची वेळ. बाजारात आधी कुजबुज झाली, मग दवाखान्यात फोन आला की खाटा मोकळ्या करा. आतल्या रस्त्यावर पोलिसांची गाडी सुरुंगानं उडाली. कोण गेले, किती गेले, कोणाला माहीत नाही. गाडी प्रमोदच्या पोस्टकडची. पंचफुला बाकावरच होती. तिनं ऐकलं. रडली नाही, ओरडली नाही. उठली, मशीनच्या खोलीत आली आणि खाटेवर स्वतःच निजली.

"लावा."

"का लावू?"

"वायरी लावा. काळीज थांबते का पाहून राह्यली मी. तुमी पहा."

मी वायरी लावल्या. बटन दाबलं नाही. बटन दाबून काय करणार? मी तिच्या पायाशी उभा राहिलो. बाहेर धावपळ, जीप, स्ट्रेचर, डॉक्टरांच्या हाका. मला हाक आली की मी जायचो, काम करायचो, परत येऊन पायाशी उभा राहायचो. जखमींना थेट नागपूरला नेलं, आमच्या खाटा मोकळ्याच राहिल्या. दिवे लागायच्या वेळेला ठाण्यातला एक ओळखीचा हवालदार आत आला. माझ्याकडं न पाहता तिच्याकडं पाहून म्हणाला, "बाई, तुमचा प्रमोद पोस्टवरच होता. गाडीत नव्हता." मग खाली मान घालून नावं सांगितली. त्यात विलासचं नाव होतं.

त्या रात्री पंचफुला झोपली. घरी आली, पदर तोंडावर घेतला आणि कितीतरी महिन्यांनी दगडासारखी झोपली. सकाळी ऊन अंगणात आलं तरी उठली नाही. मला वाटलं, सुटली बाई एकदाची. उठली तेव्हा भिंतीकडं तोंड करून बसली.

"मले झोप लागली जी," ती म्हणाली. "दुसरीचा गेला, अन् मले झोप लागली."

मी म्हटलं, थकली होती तू, अंग आहे, लागते झोप. तिनं ऐकलं नाही. त्यानंतर तिची झोप आधीपेक्षा वाईट गेली. कबुतर दिवसरात्र. मी पुन्हा पट्टी काढली, पुन्हा चांगली. डॉक्टरांनी पुन्हा बैलाचं सांगितलं. ती म्हणाली, "साहेब, हा वाघ बाहेरचा नाई." ती बाकावर बसायचीही बंद झाली. पेज बंद. पोलीस पोरं विचारायची, आई कुठी आहे, मी सांगायचो, बरी नाई.

थंडी सुरू झाली तेव्हा एक दिवस म्हणाली, "मले वरोऱ्याले घेऊन चला. विलासच्या मायले भेटाचं आहे." मी नको म्हटलं. काय बोलणार तिथं जाऊन? ती म्हणाली, तुमी बाहेर बसा. गेलो. बसनं वरोरा, तिथून ऑटोनं खेडं. विलासची आई अनसूयाबाई, बारीक अंगाची, कापूस वेचून नुकतीच आलेली, ओच्याला कापसाचे तंतू चिकटलेले. आम्ही कोण ते सांगितलं. तिनं पाणी दिलं. मी ओसरीवर बसलो, दार उघडंच होतं.

पंचफुलानं पाणी पिलं नाही. तांब्या खाली ठेवला आणि म्हणाली, "बाई, तुमच्या पोराचं नाव ज्या दिवशी आलं, त्या रात्री मले झोप लागली. आमचा वाचला म्हणून लागली. हे सांगाले आलो. तुमाले जे बोलाचं ते बोला."

मला वाटलं, आता ही बाई हाकलून देते आपल्याला. ऑटोवाला थांबला आहे का ते मी पाहिलं.

मग अनसूयाबाईचा आवाज आला. "तुमच्या पोराचं नाव आलं असतं, अन् माह्या विलासचं नसतं, तं मलेही लागली असती."

आणि थोड्या वेळानं : "पाणी प्या. चहा ठेवतो."

चहा झाला. दुपार झाली होती. अनसूयाबाईनं सतरंजी टाकली. दोघी बाजूबाजूला पडल्या आणि हळू आवाजात बोलत राहिल्या. पेजेचं, मिठाचं, घोरण्याचं. एकदा तर मी दोघींना हसताना ऐकलं. मग आवाज बंद झाला. मी डोकावून पाहिलं तर पंचफुला झोपली होती आणि अनसूयाबाई छताकडं पाहत पडली होती. मला पाहून तिनं ओठावर बोट ठेवलं.

पंचफुला त्यानंतर पूर्ण बरी झाली असं लिहिलं तर खोटं होईल. अर्धी झाली. महिन्या-दोन महिन्यांनी ती वरोऱ्याची बस धरायची. बाकावर पुन्हा बसायला लागली. प्रमोदची पुढं चंद्रपूरला बदली झाली, लग्न झालं, तो तिथं सुखात आहे. तरी जराशा आवाजानं ती उठून बसे. डॉक्टर म्हणाले, एवढी वर्षं उभं राहिलेलं अंग लवकर बसत नाही. मग शेख डॉक्टरही बदलून गेले, मी रिटायर झालो. पंचफुलाच्या पोटात गाठ निघाली. नागपूरला नेलं, परत आणलं. ज्या काळजाची तिला जन्मभर भीती, ते मात्र शेवटच्या घडीपर्यंत नीट चाललं. बाकी सगळं थकलं, तेच मागं राहिलं.

तिची एकही पट्टी मी ठेवली नाही. ठेवली असती तरी उपयोग नव्हता. तो कागद काही वर्षांत पांढरा होतो, डोंगरही जातात आणि खड्डेही.

आता माझी छाती धडधडते. पडलो की कानात ऐकू येते. प्रमोद म्हणतो, बाबा, चंद्रपूरला या. सून चांगली आहे. पण तिथं मी कोणाला सांगू की मला कशानं जाग येते? पोळ्यानंतर मी आपल्याच दवाखान्यात गेलो. मशीन नवीन, लावणारी मुलगी नवीन. खाटेवर निजलो. ती म्हणाली, "बाबा, हलू नका, बोलू नका." खरं सांगतो, त्या खाटेवर पडल्या पडल्या मला वाटत होतं, काही तरी निघावं. काही निघालं तर निदान हे दुखणं झालं, त्याला नाव मिळालं. पट्टी चांगली निघाली. रक्त चांगलं. नवीन डॉक्टरीणबाई पोरसवदा, पण मन लावून ऐकणाऱ्या. त्यांनी चहाचं विचारलं, खर्र्याचं विचारलं, दिवसा झोपता का विचारलं. शेवटी म्हणाल्या, "बाबा, आधी झोप कशी होती?"

मी म्हटलं, "आधी मी मस्त झोपत होतो."

हे बोललो आणि मलाच समजलं. घरात पंचफुला जागी असायची. कुत्रं भुंकलं, दार वाजलं, पाऊस आला, कोणी हाक मारली, सगळं ती ऐकायची. म्हणून मला ऐकायची गरज नव्हती. तिच्या त्या जागण्याच्या भरवशावर मी झोपलो. आता ऐकायला कोणी नाही, म्हणून माझं अंग उभं आहे.

डॉक्टरीणबाईंना मी हे सांगितलं नाही. अनसूयाबाईला सांगितलं. तिच्या मुलीनं तिला मोबाईल घेऊन दिला आहे. ती कधी कधी दिवेलागणीला फोन करते, भाऊ जेवले का म्हणते, ठेवते. त्या दिवशी तिनं विचारलं, आवाज असा काऊन? मी सगळं सांगितलं. झोपेचं, छातीचं, पंचफुलाच्या जागण्याचं. एवढं मी कोणाशी बोललो नव्हतो.

ती म्हणाली, "तुमाले जागं माणूसच पाहिजे नं भाऊ? मंग मी आहे नं. विलास गेल्यापासून मी कुठी झोपतो? जागीच असतो मी इथी. काही झालं तं फोन वाजवा. तुमी झोपा."

मी फोन उशाशी ठेवला. झोप लागली का, हे मास्तर विचारतील म्हणून लिहितो : लागली. पूर्ण रात्रीची नाही, पण चांगली लागली. सकाळी उठून चूल पेटवायच्या आधी मी वरोऱ्याला फोन लावला. सांगितलं, बाई, झोपलो.

"बरं झालं," ती म्हणाली. आवाज थकलेला होता. "मंग आता मी पडतो जराशी."

मी म्हटलं, "पडा बाई. मी जागा आहे."